ठेका कानाने धरायचा खेळ

2006 साली जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या खिशात मावणाऱ्या यंत्रावर चार महिन्यांच्या आत दोन खेळ आले. एप्रिलमध्ये ‘मदर 3’ आणि ऑगस्टमध्ये ‘रिदम तेन्गोकू’. पहिला जुन्या वळणाचा रोल प्लेइंग खेळ, दुसरा निव्वळ तालाचा. निन्टेंडोचं पुढचं यंत्र, डीएस, तोवर दुकानांत येऊन वर्ष उलटलं होतं, त्यामुळे दोन्ही खेळ मावळत्या यंत्रावरचे ठरले. मूळ रूपात ते जपानबाहेर अधिकृतपणे कधी विकले गेले नाहीत. तरीही ताल आणि गोष्ट या दोन्ही बाबतींत व्हिडिओ गेम कुठवर पोचू शकतो हे पाहायचं असेल, तर याच जोडीपासून सुरुवात करावी.

तालाच्या खेळांचा आजचा साचा 1996 च्या ‘पॅरप्पा द रॅपर’ने घातला. कागदातून कापून काढल्यासारखा दिसणारा एक कुत्रा गुरूमागोमाग रॅप म्हणतो आणि खेळणारा ठेक्यावर बटण दाबतो. मग 1997 मध्ये कोनामीचा ‘बीटमेनिया’ आला, 1998 मध्ये पायांनी खेळायचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’, 2001 मध्ये नामकोचा ‘ताइको नो तात्सुजिन’ आणि 2005 मध्ये प्लॅस्टिकची गिटार हातात देणारा ‘गिटार हीरो’. यांतला ‘ताइको’ विशेष महत्त्वाचा. जपानी उत्सवांत वाजणारा मोठा ढोल त्याने थेट गेम पार्लरमध्ये आणून ठेवला आणि घरच्या वाद्यावर जगभर चालणारा खेळ उभा राहू शकतो हे दाखवून दिलं.

या बहुतेक खेळांत एक उणीव मात्र राहते. पडद्यावर बाण किंवा रंगीत ठिपके सरकत येतात आणि ते रेषेला टेकले की बटण दाबायचं असतं. म्हणजे डोळा पुढे आणि कान मागे. आवाज बंद करूनही चांगले गुण मिळवणारे खेळाडू आहेत. मोबाइलवर काळ्या पट्ट्यांवर बोटं आपटायचे जे खेळ लोकलमध्ये दिसतात, त्यांतही नजरेचीच कसोटी लागते. गाणं मागे वाजत राहतं एवढंच.

‘रिदम तेन्गोकू’ने हा क्रम उलटा केला. ‘मॉर्निंग मुसुमे’ या गायिकांच्या चमूचा निर्माता त्सुंकू याने निन्टेंडोबरोबर तो घडवला. त्यात चिमट्याने भाजीवरचे केस उपटायचे असतात, अंगावर फेकलेल्या वस्तूंवर कराटेचा ठोसा मारायचा असतो. काम क्षुल्लक दिसतं, पण इशारा आवाजातून मिळतो आणि उत्तर त्याच लयीत द्यावं लागतं. यातले कितीतरी खेळ डोळे मिटून खेळता येतात. तबल्याच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यात मुलं टाळी-खाली धरून मात्रा मोजतात, तेव्हा त्यांनाही समोर कुठला पडदा नसतो. ठेका आत बसवावा लागतो.

‘मदर 3’ याच्याही पुढे जातो, आणि तेही रोल प्लेइंग खेळाच्या पोटात राहून. अशा खेळात लढाई आळीपाळीने चालते: यादीतून वार निवडायचा, शत्रूच्या वाराची वाट पाहायची. इथे वार निवडल्यावर मागे वाजणाऱ्या संगीताच्या ठेक्यावर बटण दाबत राहिलं, तर एकाच वाराचे सोळापर्यंत ठोके पडतात. तीनतालाच्याही मात्रा सोळाच. हा योगायोग असला, तरी मराठी कानाला ते आवर्तन पुरं करण्याचं समाधान लगेच ओळखीचं वाटतं. पडद्यावर बाण नाही, ठिपका नाही. ठेका सापडत नसेल तर शत्रूला झोपवायचं. मग गाण्याखाली दडलेली लय हृदयाच्या ठोक्यासारखी ऐकू येते. प्रत्येक पात्राच्या ठोक्याचा आवाज वेगळा आहे. बोनी या कुत्र्याचे ठोके भुंकण्यातून वाजतात. संगीतकार शोगो साकाई यांनी काही लढायांना मुद्दाम विषम मात्रांची गाणी दिली आहेत. रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रा मोजण्याची सवय असलेल्याला तिथे चारचारच्या ठेक्यात वाढलेल्या खेळाडूपेक्षा कमी अडखळायला होईल.

नुसता ताल असता, तर ‘मदर 3’ हा एक कल्पक खेळ ठरला असता. तो मोठा होतो गोष्टीमुळे. जाहिरातींचे मजकूर आणि गीतं लिहिणारे शिगेसातो ईतोई यांनी ती लिहिली. बेटावरच्या टाझमिली नावाच्या गावात पैसा माहीत नाही, दुकानातली वस्तू मागितली की मिळते. मग डुकराचे मुखवटे घातलेली फौज येते. लूकस या मुलाची आई मरते. तीन वर्षं सरतात आणि गावात आगगाडी, पैसा आणि ‘हॅपी बॉक्स’ नावाची, घरोघरी लोक टक लावून बघत बसतील अशी पेटी आलेली असते. जे ही पेटी घेत नाहीत त्यांच्या घरांवर वीज पडते. म्हाताऱ्यांची रवानगी गळक्या वृद्धाश्रमात होते. खेळणारा त्याच गल्ल्यांतून पुन्हा फिरतो, त्याच माणसांशी बोलतो, पण त्यांच्या तोंडची भाषा बदललेली असते.

ही गोष्ट चेंबूरच्या पलीकडच्या माहुलमध्ये बसून खेळणाऱ्याला परकी वाटण्याचं कारण नाही. खाडीकाठचं हे जुनं कोळी गाव. 1955 साली इथे बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली. तीच आजची भारत पेट्रोलियमची. शेजारी हिंदुस्तान पेट्रोलियमची रिफायनरी आहे, तेलाच्या टाक्या आहेत. 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला इथल्या हवेपासून धोका असल्याचं नोंदवलं. त्यानंतरही, 2017 पासून, तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून तिथल्या कुटुंबांना याच भागातल्या इमारतींमध्ये आणून बसवलं गेलं. ईतोईंनी अर्थातच माहुलवर लिहिलेलं नाही. पण बाहेरून आलेल्या निर्णयाने गावाची हवा, काम आणि शेजार कसा बदलतो, हे आठ प्रकरणांत इतक्या मायेने सांगणारा दुसरा खेळ सापडणं कठीण.

म्हणूनच निन्टेंडोची या खेळाबाबतची चालढकल खटकते. 2008 साली क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक अनुवादकाने चाहत्यांच्या चमूसह त्याचा इंग्रजी अनुवाद पुरा करून मोफत उपलब्ध केला. पुढे 2013 साली तो निन्टेंडोला विनामूल्य देण्याची तयारीही त्याने दाखवली. 2024 मध्ये कंपनीने ‘मदर 3’ आपल्या ‘स्विच’ या यंत्राच्या ऑनलाइन सेवेच्या सदस्यांसाठी आणला, पण पुन्हा जपानपुरताच. अनुवाद तयार आहे, खेळाडू वाट पाहत आहेत. कंपनीने तो जगासाठी खुला करावा.

आपल्याकडच्या खेळ घडवणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला आणि इथला खेळ जगभरच्या कन्सोलवर जाऊ शकतो हे सिद्ध केलं. आता तालाचा खेळ हवा. नाशिक ढोल, ताशाची तर्री, हलगी, बेंजो पार्टी, कोळीगीतांचा डोलता ठेका: कच्चा माल एवढा की एका खेळात मावणार नाही. त्याला रामायण-महाभारताची कथाही लागणार नाही. माहुलसारख्या एखाद्या गावातला शिमगा, नारळी पौर्णिमा, रिफायनरीचा भोंगा आणि तिथल्या माणसांचं बोलणं एवढं पुरे. वादकांना योग्य मानधन देऊन ध्वनिमुद्रण करावं, पडद्यावर बाण नाचवू नयेत, आणि खेळ स्वस्त अँड्रॉइड फोनवर चालावा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि ठेका चुकतो, त्यामुळे तो फरक जुळवून घेण्याची सोय पहिल्याच पानावर असावी. असा खेळ करायला एखादा छोटा चमू पुढे आला, तर राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य विभागाने त्याला नाटक-चित्रपटांसारखंच अनुदान द्यायला हवं.