कंदील चालवणारा माणूस

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या मोरिवलीच्या सोसायटीसाठी मी एक उद्योग केला. एक प्रोजेक्टर, साधा वेबकॅम आणि प्रोसेसिंगमध्ये लिहिलेला दोनेकशे ओळींचा प्रोग्रॅम. समोर कोणी हललं की पडद्यावरच्या समया उजळायच्या. पोरं जाम खूश. 'इंटरॲक्टिव्ह आर्ट' केलं म्हणून मीही कॉलर ताठ करून फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. हात जोडले आणि शांत उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या समया एकेक करून विझल्या! माझा प्रोग्रॅम आत्ताच्या फ्रेममधून आधीची फ्रेम वजा करायचा. फरक नाही, म्हणजे माणूसच नाही. आजी म्हणाल्या, "मी आले की विझतं होय रे हे?" आता काय सांगणार, कपाळ!

दुरुस्ती सोपी होती. रिकाम्या मंडपाची एक फ्रेम साठवली आणि तिच्याशी तुलना केली. झालं. पण आजींचं वाक्य काही डोक्यातून जाईना.

इथून तीन स्टेशनांवर कल्याण. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. शंबरासुराच्या मायेवरून ठेवलेलं नाव, आणि चीज म्हणजे मॅजिक लँटर्न. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पोझच्या काचा भराभर बदलायच्या, की पडद्यावरचं पात्र हलायचं. जोडीला तिथेच बोललेलं निवेदन आणि गाणी. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात आला तो ७ जुलै १८९६ ला, म्हणजे नंतर.

आता गंमत बघा. काच माणसाच्या हातात होती. प्रेक्षक रंगले तर थांबता येत होतं, कंटाळले तर पुढे जाता येत होतं. सिनेमाने चित्राला खरी गती दिली, पण ती सगळ्यांसाठी एकच. मूकपटांच्या काळात निदान पेटी-तबलावाले थिएटरात असायचे. १९३२ ला 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला आणि हळूहळू त्यांचीही गरज संपली. नवं माध्यम जुन्याकडून गोष्ट घेतं, चित्र घेतं, पण समोर बघणारा माणूस वाटेत गळतो.

आणि आता आम्ही इंजिनिअर लोक म्हणतो, बघा, आम्ही प्रेक्षकाला परत आणलं! खरंच? मी लिहिलेल्या इफ-एल्समध्ये जो बसतो तोच माझा प्रेक्षक. नाचणारं पोर मला सुचलं, नमस्कार करणारी आजी नाही सुचली. देवासमोर लोक काय करतात हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण मी विचार कॅमेऱ्याचा केला, मंडपाचा नाही. कंदील चालवणाऱ्याला ही दुरुस्ती रात्री बसून करावी लागली नसती. त्याला आजी दिसल्या असत्या.

म्हणून शेवटच्या दिवशी मी कीबोर्डवर आठवीतला एक मुलगा बसवला. कोण आलंय ते बघायचं आणि समया कमी-जास्त करायच्या. आरतीला त्याने त्या टाळ्यांच्या ठेक्यावर नाचवल्या. माझ्या कोडला ते जमलं नसतं.

माझं म्हणणं इतकंच. सेन्सर लावा, कोड लिहा, सगळं करा. पण यंत्राशेजारी एक माणूस बसवण्यात कमीपणा मानू नका.

असो. आजी यंदा काय म्हणतात बघू.