बीपीचा रुग्ण परत आलाच नाही, हे दवाखान्याला कळतं कसं?

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतात सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. यावर स्वस्त औषधं आहेत. अडचण वेगळीच आहे. त्रास जाणवत नाही म्हणून अनेक जण गोळ्या मध्येच सोडतात. आणि कागदी रजिस्टरमध्ये आलेला रुग्ण दिसतो, न आलेला दिसत नाही.

अ‍ॅप काय करतं?

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात यासाठी 'सिंपल' हे अ‍ॅप वापरलं गेलं. महाराष्ट्रात या उपक्रमाची सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून झाली.

रुग्णाला क्यूआर कोडचं कार्ड मिळतं. ते स्कॅन केलं की आधीचं बीपी आणि औषधं नर्ससमोर येतात. नवी नोंद करायला इंटरनेट लागत नाही. ठरलेली तारीख उलटली की रुग्णाचं नाव वेगळ्या यादीत जातं आणि नर्स त्याला फोन करते. कोणत्या केंद्रात किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, हेही वरिष्ठांना दिसतं.

मग अडतं कुठे?

यादी अ‍ॅप बनवतं, पण फोन माणसालाच करावा लागतो. रुग्ण आला आणि गोळ्याच संपलेल्या असतील, तर पुढच्या वेळी तो येईलच असं नाही. शिवाय रुग्ण खासगी डॉक्टरकडे गेला, तर सरकारी यादीत तो 'गैरहजर'च राहतो.

यावर उपाय म्हणून १४ अंकी 'आभा' क्रमांकाकडे पाहिलं जातं. पण नुसता क्रमांक काढून नोंदी जोडल्या जात नाहीत. दोन्ही दवाखान्यांचं सॉफ्टवेअर त्या यंत्रणेशी जोडलेलं असावं लागतं आणि रुग्णाची संमतीही लागते.

यशाचं माप कोणतं?

२०२५ पर्यंत बीपी आणि मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना उपचारांखाली आणण्याचं उद्दिष्ट केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. पण उपचार सुरू होणं आणि बीपी आटोक्यात राहणं यात फरक आहे. अनियंत्रित रक्तदाबामुळे पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे 'किती जणांची नोंद झाली?' यापेक्षा 'त्यातल्या किती जणांचं बीपी आटोक्यात आलं?' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.