किल्ला, कंदील आणि कामाची बैठक

दिवाळीच्या सुट्टीत महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या घरांत दोन वस्तू हमखास घडतात: अंगणातला मातीचा किल्ला आणि पडवीत टांगायचा आकाशकंदील. दोन्हींना घरातले सगळे हात लागतात. कोणी माती आणतो, कोणी चाळतो, पोरे बुरूज थापतात, आई खळ शिजवते, आजोबा कामट्या काढून देतात. महाड तालुक्यात खुद्द रायगड उभा आहे, पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे. इथले मूल रोज डोळ्यांनी पाहिलेला डोंगर अंगणात हातांनी पुन्हा रचत असते. घरच्या हस्तकलेचे याहून चांगले उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही.

हाताने शिकण्याचा आग्रह आपल्याकडे जुना आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला शालेय शिक्षणात जागा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवसांची आणि स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची तरतूद आहे. तरीही सुट्टीच्या उपक्रमासाठी शाळेतून घरी जाते ती बहुधा साहित्याची यादी. काम कसे बसून करायचे, कोणते हत्यार कोणाच्या हाती द्यायचे आणि कशानंतर काय करायचे, हे तिच्यात नसते. बुरुडाच्या किंवा कुंभाराच्या घरात मूल हे काम बघता बघता शिकते. इतर घरांत ते सांगावे लागते. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सॉलोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षकांना हस्तकाम शिकवले, तेव्हा प्रत्येक हत्यारासाठी उभे राहण्याची आणि हात धरण्याची रीत त्यांनी अभ्यासक्रमातच घातली. सुरक्षितता हा कारागिरीचाच पहिला धडा आहे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

किल्ल्याचे काम मातीपासून सुरू होते. सवसारख्या सावित्रीकाठच्या गावात नदीचा गाळ हाताशी असतो; डोंगराकडच्या वाड्यांवर तांबूस माती मिळते. नुसता गाळ वाळला की तडकतो, नुसती भरड माती धरून राहत नाही. दोन्ही निम्मी-निम्मी घेऊन त्यात भाताचे तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा मिसळला की बुरूज उभा राहतो. मात्र काठावरची माती आणल्या आणल्या मुलांच्या हाती देऊ नये. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. अशा पुरासोबत काचा, खिळे आणि पत्र्याचे तुकडे गाळात येऊन बसतात. शिवाय कोकणात पावसाळ्यात आणि भातशेतीच्या हंगामात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या मुतातून त्याचे जंतू ओल्या मातीत येतात आणि हातापायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. हे जंतू कोरडेपणात टिकत नाहीत. म्हणून माती दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरावी, पूर्ण सुकली की ढेकळे फोडून चाळावी आणि मग स्वच्छ पाण्यात भिजवावी. चाळणीवर काचा आणि काटेही राहतात. ज्याच्या हाताला चीर आहे त्याने त्या दिवशी चिखल कालवू नये, मावळे मांडावेत.

मातीनंतर दगड. पडक्या गडग्यातले, लाकडांच्या ढिगाजवळचे, जुन्या विटांखालचे दगड उचलताना खरा धोका विंचवाचा. कोकणातल्या लाल विंचवाचा दंश मुलांच्या जिवावर बेततो. महाडमध्ये वैद्यकीय सेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला आणि रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे औषध उपचारात आणले. या उपचाराने दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या गावात हे ज्ञान जन्मले, तिथल्या प्रत्येक घरात दगड उचलण्याची रीत माहीत असायला हवी. दगड दिवसाउजेडी उचलावेत. पायांत बूट असावेत. दगडाखाली बोटे घालू नयेत. पहारीने किंवा काठीने त्याची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता करावा, म्हणजे उघडी बाजू पायांपासून दूर राहते. दंश झालाच आणि मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर पाला चोळण्यात किंवा मंत्र घालण्यात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा.

रचना करताना आधी कागदावर आराखडा काढावा. रायगड करायचा असेल तर महादरवाजा, बाजारपेठ, गंगासागर तलाव, जगदीश्वराचे मंदिर, टकमक टोक आणि हिरकणी बुरूज यांच्या जागा आधी ठरतात. दगडांचा सांगाडा, त्यावर पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट आणि वर मातीचा लेप, हा क्रम. पाया रुंद आणि उंची मुलाच्या गुडघ्याएवढी ठेवली की ढासळण्याची भीती राहत नाही. किल्ला फूटभर उंचीच्या दगडी ओट्यावर रचला तर आजी-आजोबांनाही पाटावर बसून हात लावता येतो. अळीव चार-पाच दिवस आधी पेरले की वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा होतो.

कंदिलाचे काम हत्याराचे आहे, म्हणून तिथे क्रम अधिक काटेकोर हवा. बांबू रात्रभर पाण्यात ठेवला की नरम पडतो आणि सरळ फाटतो. फोडण्याचे काम मोठ्या माणसाचेच. बांबू लाकडी ठोकळ्यावर उभा धरायचा, कोयत्याची धार त्याच्या तोंडावर टेकवायची आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडाने ठोकायचे. कोयता उगारायचा नाही. धार आत शिरली की बांबू धरलेला हात फटीच्या रेषेतून बाजूला घ्यायचा. मुले दीड हात दूर बसतील, समोर बसणार नाहीत. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे ताज्या कामटीची कड पात्यासारखी कापते. ती कोयत्याच्या बोथट पाठीने खरवडून काचकागदाने घासावी. मग मुलांनी जुन्या सुती कापडाचा तुकडा कामटीवरून हलकेच ओढावा. जिथे धागा अडकतो तिथे कुसळ उरलेले असते. कापड न अडकता टोकापर्यंत गेले की कामटी मुलांच्या हाती देण्याजोगी झाली. या एका कृतीत परीक्षाही होते आणि मुलांना आपले काम तपासण्याची सवयही लागते.

पतंगाचा कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ आजही सगळ्यांत चांगली. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता मंद आचेवर शिजवला की दोन-तीन कंदील सहज होतात. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. काही घरांत ती रीत अजून चालते. मोरचूद विषारी आहे आणि खळ बोटांना लागलेले मूल बोटे तोंडात घालतेच. म्हणून खळ बिनमोरचुदाची, त्या दिवसापुरतीच करावी. झटपट चिकटणारा गोंद मुलांपासून लांब ठेवावा. तो सुती कपड्यावर किंवा कापसावर सांडला तर चटका बसेल इतकी उष्णता निर्माण होते. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात सोडवावीत.

कोणत्या वयाला कोणते काम, हे घरात आधी ठरलेले असावे. शाळेत न जाणाऱ्या मुलाने कागद फाडावा, मातीचे गोळे वळावेत. पहिली-दुसरीच्या मुलाला बोथट टोकाची कात्री द्यावी. डावखुऱ्याला डावखुरी कात्री मिळाली तर त्याची अर्धी चिडचिड संपते. कटर पाचवी-सहावीच्या पुढे आणि मोठे माणूस शेजारी असतानाच. खाली जाड पुठ्ठा किंवा जुनी फरशी, बाजूला लोखंडी पट्टी, आणि पाते धरलेल्या बोटांपासून दूर जाणारे. कात्री देताना मूठ पुढे करून द्यावी. मोडलेली पाती झाकणाच्या डब्यात टाकावीत, केरात नव्हे. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर मणी, टिकल्या आणि विशेषतः बटणाएवढ्या बॅटऱ्या कामाच्या ताटात मोजून घ्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही जखम करू शकते.

दिवा लावताना जुना तारेचा बल्ब वापरू नये; त्याच्या उष्णतेने कागद करपतो. पाच-सात वॅटचा एलईडी पुरतो आणि तो कागदापासून चार बोटे दूर टांगावा. वायरीचे जोड उघडे नसावेत. परतीचा पाऊस दिवाळीतही येतो, म्हणून कंदील वळचणीच्या आत राहील अशी जागा निवडावी आणि होल्डरला हात लावण्याआधी पिन काढलेली असावी.

रंगांची निवड साधी ठेवावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. माळ्यावरचा त्याआधीचा डबा मुलांच्या कामासाठी उतरवू नये. किल्ल्याला गेरू आणि कोळशाची पूड पुरते. चुना हवा असेल तर विरवलेला, निवलेला घ्यावा; कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि त्याचा शिंतोडा डोळ्याला इजा करतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचे मावळे ओतताना चमच्याने कालवावे, हाताने नव्हे. घट्ट होताना ते चांगलेच तापते. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत हाताचा साचा घेण्यासाठी प्लास्टरमध्ये हात बुडवलेल्या मुलीला बोटे गमवावी लागली. थर्माकोल तापलेल्या तारेने कापू नये, त्याचा धूर घातक असतो. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदीही आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे आसपासच्या गावांत रसायनांचे रिकामे डबे आणि पिंपे सहज मिळतात. ती कितीही धुतली तरी किल्ल्याच्या तळ्यासाठी किंवा माती कालवण्यासाठी वापरू नयेत.

आता बैठक. दोन तास उकिडवे बसून काम केले की गुडघे आणि कंबर दोन्ही बोलतात. मोठ्यांना पाट, मुलांना चौरंगावर काम, आणि काम कोपराच्या उंचीला असावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून आला की स्वतःच्या हाताची सावली कामावर पडत नाही, डावखुऱ्याला उलट. दर वीस मिनिटांनी उठून दूरच्या डोंगराकडे बघितले की डोळ्यांवरचा ताण हलका होतो. हीच शिस्त उन्हाळ्यातल्या गोधडीलाही लागू आहे. आजी धावदोरा घालते आणि नात सुईत दोरा ओवून देते, तेव्हा आजीच्या चष्म्याला पुरेसा उजेड आणि नातीला मोजलेल्या सुया, एवढ्याने काम सुखाचे होते. शिवण संपली की सुया पुन्हा मोजाव्यात. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत जमिनीवर कोणी बसू नये.

शेवट आवराआवरीने. हात साबणाने धुवावेत, हत्यारे मोठ्या माणसाने मोजून उंचावर ठेवावीत. कापले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरावे. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली. टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. मातीत काम करणाऱ्या मुलांची धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. राष्ट्रीय लसीकरणात ती १० आणि १६ व्या वर्षी दिली जाते.

कला आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांच्या हाती या दिवाळीत एक सोपी गोष्ट आहे. साहित्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहून द्याव्यात: माती उन्हात वाळवा, दगड पहारीने उचला, बांबू मोठ्यांनी फोडा, कामटी कापडाने तपासा. आणि सुट्टीनंतर वर्गात किल्ल्याचे गुण देताना मुलाला एवढेही विचारावे, की घरातल्या कोणी काय केले आणि ते कसे बसून केले. ज्या मुलाला हे सांगता येते, ते किल्ल्याबरोबर कामही शिकले.