मडकं पुरे

अस्थिकलश आता घरबसल्या मागवता येतो. तांब्याचा, पितळी, नक्षीदार झाकणाचा, हवा तसा. तो स्वतःसाठी आधीच निवडून ठेवावा असं कुणाला वाटलं, तर त्यात अभद्र काही नाही; मृत्युपत्र आपण जिवंतपणीच करतो. मात्र भांडं पसंत करण्याआधी ते रिकामं कुठे आणि कधी होणार, हे ठरवायला हवं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडली की अस्थी मडक्यात भरतात, तोंडाला फडकं बांधतात आणि पुष्कळदा घरी न आणता स्मशानातल्याच झाडाला टांगून ठेवतात. (लातूर भागातला मोठा लिंगायत समाज दफन करतो, त्याच्यापुढे हा प्रश्नच नाही.) ज्या भांड्याचं काम चार-दोन दिवसांचं, ते कुंभाराकडचं बिनरंगी मडकंच असावं. आणि तेही पाण्यात सोडू नये, रिकामं करून परत आणावं.

मडकं मातीचंच आहे, सोडलं तर बिघडलं कुठे, असं कुणी म्हणेल. वाहत्या नदीत फारसं बिघडलं नसतं. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो आणि अस्थी घेऊन नांदेडला किंवा गंगाखेडला जातो. पण विष्णुपुरी प्रकल्पाने अडवलेल्या नदीत पावसाळा सरल्यावर नांदेडच्या घाटांशी धार ती किती उरते? मांजरा खोऱ्याची कथा आणखी कोरडी. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. अस्थी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्या पाण्यात सहजी विरघळत नाहीत. साचलेल्या पाण्यात त्या तळाशी बसतात. त्यांच्यासोबत मडकं, फडकं, हार आणि हे सगळं आणलेली प्लास्टिकची पिशवीही जाते. त्या पिशवीला कुठल्या शास्त्राचा आधार आहे, हे एकदा कुणीतरी सांगावं.

शास्त्राला नदी लागते, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पण नदीला मूठभर अस्थी पुरतात. जवाहरलाल नेहरूंनी 1954 च्या मृत्युपत्रात मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडायला आणि बाकीची बरीचशी विमानातून शेतांवर विखरायला सांगितलं होतं. 1964 मध्ये तसंच झालं. विमान आपल्याला नको, शेत पुरे. राख शेतात टाकून त्या जागी झाड लावणारी कुटुंबं मराठवाड्यातही आहेत. फक्त सगळी राख एकाच खड्ड्यात रोपाच्या मुळाशी ओतू नये. राख अल्कधर्मी असते, आपली काळी जमीनही बहुधा तशीच, रोप जळायचं. ती थोडी थोडी, दूरवर पसरावी आणि मातीत मिसळावी.

आठवणीसाठी काहीतरी टिकाऊ हवंच, असंही म्हटलं जातं. टिकाऊ भांड्याचं काय होतं पाहा. गांधीजींच्या अस्थींचा एक वाटा कटकच्या बँकेत लाकडी पेटीत पडून होता. तो न्यायालयात जाऊन सोडवावा लागला, तेव्हा कुठे 30 जानेवारी 1997 ला प्रयागच्या संगमात त्याचं विसर्जन झालं. दुसरीकडे नांदेडलाच तख्त सचखंड श्री हजूर साहिबचा गाभा, अंगीठा साहिब, 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगजींना जिथे अग्नी दिला त्या जागेवर उभा आहे. तिथे स्मरण जागेला चिकटलेलं आहे, भांड्याला नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात तर एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. कलशाची निवड तिथे कुणाच्या हाती होती? म्हणून त्या माणसांची आठवण कमी झाली नाही.

एका बाबतीत मात्र माझा मडक्याचा आग्रह टिकत नाही. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल आणि अस्थींना महिनाभर वाट पाहायची असेल, तर घट्ट झाकणाचं भांडंच हवं. अस्थी विमानाने न्यायच्या असतील तर धातूपेक्षा लाकडी डबी बरी. क्ष-किरण तपासणीत जाड धातूच्या आतलं दिसत नाही. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला जवळ ठेवावा आणि विमान कंपनीला आधी विचारून घ्यावं. उरलेल्यांनी कुठलं भांडं, कुठली जागा आणि नदीला किती, एवढं घरच्यांना आताच सांगून ठेवावं. तिसऱ्याच्या सकाळी स्मशानात जमलेल्या भावकीपुढे वाद घालायची ताकद कुणाच्याच अंगात नसते.