पदपथावरील जागरण

आमच्या कचेरीच्या वाटेवर, भायखळ्याच्या पुलाखाली, एक वृद्ध स्त्री भर दुपारी गाढ निजलेली दिसते. लोक कष्ट करीत असता हिने खुशाल निजावे, याचा येणाऱ्याजाणाऱ्यांस राग येतो. आम्हांलाही येत असे. एके सायंकाळी ती जागी दिसली, तेव्हा आम्ही काही नाणी पुढे केली. तिने ती घेतली नाहीत. "दादा, पैसे नको. एवढं बोचकं बघता का? आलेच मी," असे म्हणून ती पलीकडच्या सार्वजनिक शौचालयाकडे गेली. पंधरा मिनिटे आम्ही त्या बोचक्याची राखण केली. स्नेह जडला तो असा. पुढे अनेक सायंकाळी तिच्याशेजारी बसून आम्ही तिची हकीकत ऐकली.

1972 च्या दुष्काळात ती आईबापांबरोबर जालन्याकडून मुंबईस आली, तेव्हा दहा वर्षांची होती. नवरा गिरणीत बदली कामगार. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्याला पुन्हा गिरणीचे काम मिळाले नाही. भाड्याची खोली सुटली, काही वर्षांनी नवराही गेला. गुडघे साथ देत होते तोवर तिने धुणीभांडी केली. एकदा पदपथ मोकळा करताना तिचे बोचके उचलून नेण्यात आले. त्यात शिधापत्रिका होती. आता पत्ता नाही म्हणून पत्रिका नाही. नवे बोचके ती नजरेआड होऊ देत नाही, ते यामुळेच.

आणि दुपारची झोप? रात्री ती निजतच नाही. पदपथावर एकट्या बाईने रात्री डोळा लावणे धोक्याचे. म्हणून भिंतीला पाठ टेकून ती उजाडेपर्यंत बसते. अंधारात शौचालयापर्यंत जाण्याची भीती वाटते, म्हणून दिवेलागणीनंतर ती पाणीही पीत नाही. आम्ही ज्याला आळस समजत होतो, तो रात्रभराच्या पहाऱ्याचा शीण होता.

अशा स्त्रिया या शहरात थोड्या नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून अधिक बेघर मोजले गेले. त्यांपैकी सुमारे 57 हजार मुंबईतले. 1985 साली मुंबईच्या पदपथवासीयांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 2010 मध्ये त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, बारमास व अहोरात्र उघडा निवारा असावा, असे आदेश दिले. 2011 च्या लोकसंख्येवरून मुंबईच्या वाट्यास असे सुमारे सव्वाशे निवारे येतात. प्रत्यक्षात किती आहेत आणि एकट्या स्त्रियांसाठी किती, याची विभागवार यादी महापालिकेने प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे. त्या निवाऱ्यात कुलपाची पेटी असावी, शौचालय विनामूल्य असावे, आणि तेथील पत्ता शिधापत्रिकेसाठी ग्राह्य धरावा.

सोयी केल्या की लोंढे वाढतील, अशी हरकत नेहमी घेतली जाते. परंतु ही स्त्री काल आलेली नाही. पन्नासांहून अधिक वर्षे ती याच शहरात आहे आणि गुडघे थकेपर्यंत तिने याच शहराची भांडी घासली आहेत. तिने आमच्याकडे पंधरा मिनिटांची राखण मागितली. रात्रीची राखण करणे हे शहराचे कर्तव्य होय; ते टाळून तिच्या दुपारच्या झोपेवर रागावण्याचा अधिकार आपणांस नाही.