वाडा ठेवायचा, पण कसा?

गेल्या महिन्यात लेकीकडे मुंबईला गेले होते. तिने काळा घोड्याजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नेलं. ती चित्रं पाहत होती आणि मी इमारत!

हा मूळचा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११चा. आराखडा गेटवे ऑफ इंडियावाल्या जॉर्ज विटेटचा. इथे सभा, मैफली व्हायच्या. पुढे त्याची रया गेली. मग बाहेरचं रूप तसंच ठेवून आर्किटेक्ट रोमी खोसला यांनी आत एकावर एक अर्धगोल दालनं बसवली. १९९६मध्ये संग्रहालय सुरू झालं. बाहेरून आजी, आतून नात! जुनं सभागृह त्यात गेलं, हेही खरं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची तऱ्हा वेगळी. १८७२च्या त्या वास्तूचं आतलं नक्षीकामसुद्धा पूर्वीसारखं करून २००८मध्ये ती पुन्हा खुली झाली. पण दोन्ही वास्तू वापरात राहिल्या.

मला आमचा वाडा आठवला. वर्षभर घरात तोच वाद. धाकटे भाऊजी म्हणतात, बिल्डरला देऊन टाकू. पुण्याचे थोरले भाऊजी म्हणतात, एक वीटही हलवायची नाही. ते येतात गौरी-गणपतीचे चार दिवस. इथे ऐंशीच्या सासूबाई रात्री बॅटरी घेऊन परसातल्या संडासाला जातात. मागच्या पावसाळ्यात घसरून मनगट मोडलं. मी भरदिवसा दिवा लावून पोळ्या लाटते. पण सुनेने तोंड उघडलं, की 'हिला जुन्याची किंमत नाही!'

या वेळी मात्र बोलले. म्हटलं, दिंडी दरवाजा, ओसरीचे सागवानी खांब, तुळशीवृंदावन, सगळं राहू द्या. फक्त आईंच्या खोलीला लागून संडास-बाथरूम करा आणि स्वयंपाकघराला एक मोठी खिडकी काढा.

"मग वाडा उरला कुठे?" थोरले भाऊजी म्हणाले.

सासूबाई पटकन म्हणाल्या, "अरे, मी उरेन ना त्यात!"

सगळे गप्प. पुढच्या आठवड्यात गवंडी येऊन माप घेऊन गेला.

मैत्रिणींनो, जुनं जपायलाच हवं. पण काय ठेवायचं नि काय बदलायचं हे ठरवताना त्या घरात रोज वावरणाऱ्या बाईला आधी विचारायला नको का?