हक्काचा पत्ता

एखादा जुना शब्द अडला की मी भांडुपच्या घरात बसून शिकागो विद्यापीठाकडे जाते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, हे सगळे त्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर शोधण्याच्या सोयीसह ठेवलेले आहेत. पैसे पडत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही. मराठीत अनुवाद करणारे, जुनी कागदपत्रं वाचणारे कितीतरी जण याच वाटेने जातात. मोल्सवर्थची ती आवृत्ती मुंबईत छापली गेली, आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचीही स्थापना झाली. आज मात्र तो कोश पाहायला आपण अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पत्त्यावर जातो. त्या विद्यापीठाबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे. ज्ञान सांभाळायला जागा देणं हे त्याने आपलं काम मानलं. शिकवणं, परीक्षा घेणं, पदव्या देणं यांच्या पंक्तीत हेही काम बसतं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही असं नाही. भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगमामार्फत. शिक्षणसंस्थांमध्ये ते त्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं. 1986 मध्ये एर्नेट हा शिक्षण-संशोधन संस्थांना संगणकाच्या जाळ्याने जोडणारा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-तंत्रज्ञानाची संस्था अशा आठ संस्था होत्या. देशातल्या अगदी सुरुवातीच्या ई-मेलची ये-जा झाली ती जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, फोनच्या तारेवरून. पवई म्हणजे आमच्या शेजारचीच. भांडुपहून कांजूरमार्गाला येऊन जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागलं की आयआयटी आलीच.

पुढे वेब आलं आणि तिथल्या प्राध्यापकांची स्वतःची पानं दिसू लागली. त्यामागची व्यवस्था अगदी साधी होती. विभागाच्या संगणकावर प्रत्येकाचं खातं असे. त्या खात्यात ठरावीक नावाचा एक फोल्डर करायचा, त्यात लिहिलेलं पान ठेवायचं, की ते जगाला दिसू लागे. पत्त्यात आधी संस्थेचं नाव, मग नागमोडी रेघेची एक छोटी खूण आणि तिच्यामागे त्या माणसाच्या खात्याचं नाव. त्या पानांवर काय असे? यंदा कोणता विषय शिकवणार, टिपणं, गृहपाठ, जुन्या प्रश्नपत्रिका, स्वतःचे शोधनिबंध. सजावट जवळजवळ नसेच. पण पवईच्या आवारात पाऊल न ठेवलेला, आमच्या टेंभीपाड्यातला मुलगासुद्धा ती टिपणं वाचू शकत होता. आयआयटीच्याच भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने मराठी शब्दबंध हा शब्दार्थांचं नातं दाखवणारा कोश उभा केला, तोही संस्थेच्याच पत्त्यावर. संस्थेने जागा दिली की काय घडू शकतं, याचा हा आपल्या दारातला दाखला आहे.

उपनगरातल्या साध्या महाविद्यालयांकडे वळलं की चित्र पालटतं. वेबसाइट बहुतेकांची आहे. तिच्यावर प्रवेशाच्या सूचना असतात, फीचे तक्ते असतात, नॅकसाठीचे अहवाल असतात, वार्षिक समारंभाचे फोटो असतात. शिकवणाऱ्याचं नाव, पदवी आणि छायाचित्र असतं. तो काय शिकवतो, त्याने काय लिहिलंय, हे मात्र दिसत नाही. शिकणाऱ्याचा तर कुठेच पत्ता नसतो. टिपणं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरतात आणि वर्ष संपलं की गटाबरोबर विरून जातात.

माझ्या एका मैत्रिणीने कोकणातून मुंबईत आलेल्या बायकांच्या ओव्या वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. तिच्या महाविद्यालयाने त्यांना वेबसाइटवर जागा दिली, तेव्हा तिने ओवीगणिक गाव, प्रसंग आणि चालीची माहिती लिहून ते पान नटवलं. पुढे वेबसाइट नवी करायचं काम एका कंत्राटदाराला दिलं गेलं आणि जुनी सगळी पानं पुसली गेली. जुन्या पानांची प्रत कुणी मागितली नाही, कुणी ठेवली नाही. मूळ वह्या तिच्याकडे आहेत, पण इतरांनी आपल्या लेखांत दिलेले त्या पानाचे संदर्भ आता कुठेच पोचत नाहीत. तिचं दुःख मला फार जवळचं वाटतं, कारण ज्या बायकांनी गायलं त्यांतल्या कित्येक जणी आता नाहीत.

मग फुकटच्या जागा आहेतच की, असं कुणी म्हणेल. त्या जागा किती टिकतात ते आपण पाहिलं आहे. याहूने जिओसिटीज 2009 मध्ये बंद केलं. गूगलने ऑर्कुट 2014 मध्ये आणि गूगल प्लस 2019 मध्ये बंद केलं. कंपन्यांनी आपला हिशेब पाहिला, त्यात वावगं काही नाही. पण विद्यापीठाचा हिशेब पिढ्यांचा असतो. शिवाय त्याच्या पत्त्याला वजन असतं. ‘एसी डॉट इन’ने संपणारा पत्ता देण्याचा अधिकार एर्नेटकडे आहे आणि तो शिक्षणसंस्थांसाठीच राखलेला आहे. देवनागरीत ‘विद्या.भारत’ असा पत्ताही मिळतो. अशा पत्त्यावरचं पान उघडताना वाचणाऱ्याला एवढं तरी कळतं की या लिखाणामागे एक संस्था उभी आहे.

हे आज मांडावंसं वाटण्याचं कारण भांडुपच आहे. 1843 साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना त्यांना मुंबई, ठाणे, कल्याण रेल्वेने जोडण्याची कल्पना सुचली, असं रेल्वेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. एका साहेबाची भेट नोंदली गेली आणि जपली गेली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या परिसरातल्या जीकेडब्ल्यू, सिएट या कारखान्यांत ज्यांनी हयात घालवली त्यांच्या पाळ्या, त्यांचे संप, त्यांच्या कॅन्टीनमधल्या गप्पा कुठे नोंदल्या आहेत? पूर्वेला मिठागरं आहेत, पंपिंग स्टेशनजवळ खाडीवर रोहित पक्षी येतात. पश्चिमेला मुंबईचं पाणी शुद्ध करणारा अवाढव्य प्रकल्प आहे आणि त्याच्या पलीकडे जंगल, जिथून बिबट्या वस्तीत उतरतो. डोंगरावरच्या वस्त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातली भजनी मंडळं आहेत, शक्ती-तुऱ्याचे नाच आहेत.

याबद्दल कुणी लिहीत नाही असं म्हणता येणार नाही. भांडुपमध्ये रत्नम आहे, डीएव्ही आहे. मुलुंड, घाटकोपर, विक्रोळीत आणखी महाविद्यालयं आहेत. उपनगरातले विद्यार्थी दर वर्षी प्रकल्प करतात आणि त्यांतले कित्येक आपल्याच वस्तीवर असतात. मी स्वतः असे प्रकल्प तपासते. आजोबांच्या कारखान्याबद्दल नात लिहिते तेव्हा तिच्या कच्च्या वाक्यांतही अशी माहिती येते जी कुठल्याच ग्रंथालयात नाही. तो प्रकल्प स्पायरल बाइंडिंग होऊन येतो, गुण मिळतात, काही काळ कपाटात राहतो आणि कपाट भरलं की रद्दीत जातो. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 मध्ये ते ऑनलाइन ठेवण्याचा नियम केला आणि आज शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठी प्रबंधही सापडतात. त्या मुलीच्या चाळीस पानांसाठी असं काहीच नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला आपल्याच पत्त्यावर एक जागा द्यावी. तंत्राची अडचण राहिलेली नाही. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि एकाच मांडणीत अनेकांच्या स्वतंत्र साइट चालवायची सोय त्यात 2010 पासूनच आहे. ज्यांना सर्व्हर झेपत नाही त्यांच्यासाठी एर्नेटची होस्टिंगची सेवा आहे. अमेरिकेतल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने 2013 पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाचा पत्ता आणि जागा द्यायला सुरुवात केली. शिक्षण संपलं की विद्यार्थ्याला ते सगळं सोबत नेता येतं.

खबरदारी घ्यावी लागेल, हे मला मान्य आहे. अद्ययावत न ठेवलेल्या साइटमध्ये घुसखोर शिरतात, म्हणून कुणावर तरी ती जबाबदारी हवी. उपनगरातल्या बऱ्याच महाविद्यालयांत बी.एस्सी. आयटी शिकवलं जातं. शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याच मुलांना हे काम दिलं तर त्यांना खऱ्या सर्व्हरचा अनुभव मिळेल. पहिल्या वर्षाच्या मुलांचं लिखाण शिक्षकाने वाचून मगच प्रसिद्ध करावं. कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता त्यात येऊ नये, आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची परवानगी घ्यावी. सगळं युनिकोडमध्ये असावं, कारण जुन्या फॉन्टमधलं कितीतरी मराठी आज वाचता येत नाही. आणि एक नियम लेखी असावा : वेबसाइट नवी केली तरी जुना पत्ता मोडायचा नाही, शिक्षक निवृत्त झाला किंवा विद्यार्थी बाहेर पडला तरी त्याचं पान त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही.

हे मांडायला जागाही तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार महाविद्यालयात विकास समिती असते. तिच्यात शिक्षक असतात, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात, परिसरातली माणसं असतात आणि त्यांत एक तरी माजी विद्यार्थी असतो. वर्षातून किमान चारदा ती भरते. तुम्ही त्यातले कुणी असाल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. माजी विद्यार्थी असाल तर प्राचार्यांना पत्र लिहा आणि वर्षाचा होस्टिंगचा खर्च मिळून उचलायची तयारी दाखवा. यंदाचे प्रकल्प येत्या काही महिन्यांत जमा होतील. ते कपाटात जायच्या आधी त्यांना पत्ता मिळाला पाहिजे.